कांजिण्यांना डेडलाइन नसते

ऑफिसात सुट्टी मागायची म्हटली की काही कारणं बघता बघता पास होतात. जिगरी मित्राचं लग्न, गावची जत्रा, गेलाबाजार लडाखची बाइक ट्रिप. मॅनेजर वर 'एन्जॉय कर रे' असंही म्हणतो. काही कारणं ऐकून मात्र समोरच्याच्या कपाळावर आठी पडते. 'मुलीला कांजिण्या आल्यात' हे त्यातलं एक. आणि हे सांगणारी आई नसून बाप असेल, तर मग विचारूच नका!

आम्ही म्हणजे ठाण्यातलं टिपिकल डबल इन्कम कुटुंब. टू बीएचके, गृहकर्ज, दोन लॅपटॉप, ज्युनिअर केजीत जाणारी चार वर्षांची लेक, आणि बायकोला पाचवा महिना. हे शेवटचं लक्षात ठेवा. पुढे सगळं टेन्शन त्याचंच आहे.

गेल्या फेब्रुवारीत शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. वर्गातल्या एका मुलाला कांजिण्या झाल्यात, पालकांनी लक्ष ठेवावं. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी, एका गुरुवारी रात्री, लेकीचे कपडे बदलताना पोटावर चार लाल ठिपके दिसले. सकाळपर्यंत ते पाठीवर, मानेवर, अगदी केसांतसुद्धा पोचले होते. काही नुसतेच लाल, तर काही भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पाणीदार. अंगात १०१ ताप आणि तोंडात एकच वाक्य, "बाबा, खाजतंय."

डॉक्टरांनी फ्रॉक वर करून दोन सेकंद बघितलं आणि निकाल दिला. मग समजावून सांगितलं. हा व्हॅरिसेला झोस्टर नावाचा विषाणू. हवेतून पसरतो आणि फोडांतल्या पाण्यातूनही. अंगात शिरला की १० ते २१ दिवस गप्प बसतो. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत तो दुसऱ्याला लागू शकतो. आणि लागतो म्हणजे किती? घरात ज्यांना कांजिण्या कधी आल्या नाहीत आणि लसही झालेली नाही, अशा दहातल्या नऊ जणांना!

"हिचा एक डोस झालाय, त्यामुळे हलक्यावर निभावेल," डॉक्टर म्हणाले. दुसरा डोस त्यांच्या चार्टात पाचव्या वाढदिवसाच्या आसपास होता. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बायकोकडे बघितलं. "लहानपणी तुम्हाला आल्या होत्या का?"

बायको माझ्याकडे बघायला लागली. जसं काही मी तिच्या बालवाडीत होतो!

तिथूनच सासूबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अगं, तुम्हा दोघींपैकी एकीला आल्या होत्या. कोणाला ते... थांब, बाबांना विचारते." सासऱ्यांनी मागून ठामपणे सांगितलं, "दोघींना." मग तिकडे दोघांचं जुंपलं. कुठल्या साली, कुठल्या घरात, तेव्हा शेजारी कोण राहायचं, इथपर्यंत चर्चा गेली. आमच्या प्रश्नाचं उत्तर काही आलं नाही.

एरवी यावर हसलो असतो. पण गरोदर बाईला कांजिण्या आल्या तर ते प्रकरण लहान मुलासारखं साधं नसतं. आईला न्यूमोनिया होऊ शकतो. पहिल्या पाच महिन्यांत बाळावर परिणाम होण्याची शक्यता थोडी असते, पण असते. बाळंतपणाच्या तोंडावर आल्या तर जन्मलेल्या बाळालाच धोका. बरं, यातली लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते, त्यामुळे ती गरोदरपणात देताच येत नाही. उपाय एकच. रक्त तपासायचं. त्यात कांजिण्यांच्या अँटिबॉडीज सापडल्या तर निश्चिंत. नाहीतर ठरावीक दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन. बायकोच्या डॉक्टर फोनवर म्हणाल्या, "संपर्क आधीच झालाय, तो काही पुसता येत नाही. पण रिपोर्ट येईपर्यंत मुलीपासून लांब राहा."

रिपोर्ट रविवारी मिळणार होता. लॅबमधूनच बायको डोंबिवलीला माहेरी गेली. लेकीचा पापासुद्धा न घेता. माझ्या स्वतःच्या कांजिण्या पाचवीत झालेल्या, कानशिलावरचा खड्डा त्याचा पुरावा. म्हणजे घरात थांबायला लायक माणूस एकच होता. मी.

आता सुट्टी. मॅनेजरला फोन केला.

"अरे मग घरून कर ना काम! प्रॉब्लेम काय आहे?"

२०२० नंतर ही एक नवीनच भानगड झालीये. घरून काम करता येतं म्हटल्यावर घरात दुसरं काही कामच नसतं, असं लोकांना वाटतं. तापलेलं, खाजऱ्या अंगाचं पोर मांडीवर घेऊन क्लायंट कॉलवर बसून बघा एकदा! त्याला सांगितलं, तसं नाही जमणार. मग तो म्हणाला, "मिसेस?" ती माहेरी आहे, तिला जवळ यायची परवानगी नाही. "मग तुझी आई?" तिचे गुडघे दुखतात, येऊन-जाऊन असेल. "सासूबाई?" त्यांना मुलीकडे बघायचंय. "कोणी बहीण वगैरे?" माझ्या आयुष्यातल्या यच्चयावत बायकांची हजेरी घेऊन झाली. शेवटी मी मेल टाकला. पुढच्या शुक्रवारपर्यंत रजेवर आहे, लॅपटॉप बंद असेल. खाली 'रिगार्ड्स' लिहिलं आणि पाठवून दिला.

आणि मग सुरू झाली खरी ड्यूटी.

आपल्या पिढीला एक सवय लागलीये. काही झालं की आपण ते 'मॅनेज' करतो. यादी करायची, ॲपवरून मागवायचं, ट्रॅक करायचं, टिक मारायची. मीही तेच केलं. कॅलामाइन लोशन, पॅरासिटामॉल, नेलकटर, कॉटनचे सैल कपडे, सगळं अर्ध्या तासात हजर. तापाचा तक्ता फ्रिजवर लावला. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते वजनावर ठरतं, तो आकडा डॉक्टरांकडून लिहून घेतलेला. ॲस्पिरिनच्या जवळपासही जायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं होतं. कांजिण्यांत मुलांना ॲस्पिरिन दिलं तर रे सिंड्रोम नावाचा मेंदू आणि लिव्हरवर घाव घालणारा भयंकर प्रकार होऊ शकतो. आयब्युप्रोफेनही स्वतःच्या मनाने नाही.

नखं कापली. फोडांवर कॅलामाइन लावायचा आमचा खेळ ठरला. एक ठिपका तिला, एक ठिपका टेडीला. लावता लावता मोजायचं. शनिवारी सकाळी आकडा ४३ वर पोचला. कांजिण्यांची गंमत अशी की त्या एकदम येत नाहीत, लाटांनी येतात. इकडे जुन्यावर खपली धरत असते, तिकडे नवा ठिपका उगवतो. त्यामुळे एकाच पोटावर सगळ्या वयाचे फोड नांदत असतात. लस न झालेल्या मुलांच्या अंगावर दोनशे-तीनशे, कधी पाचशेही फोड येतात, त्या मानाने आमचं स्वस्तात चाललं होतं. पण खाज काय आकडा बघून येते का?

दुपारी आई दादरहून आली. हातात पिशवी आणि पिशवीत कडुलिंबाचा पाला. दारातच तिने डिक्लेअर केलं, "घरात फोडणी द्यायची नाही. मटण-मच्छी नाही. आणि आंघोळ तर अजिबात नाही." मी म्हटलं, "अगं आई, डॉक्टरांनी रोज कोमट पाण्याची आंघोळ सांगितलीये. अंग स्वच्छ राहिलं तर फोड पिकत नाहीत." आई गप्प झाली. म्हणजे पटलं नव्हतं. मग तिनेच मधला मार्ग काढला. पाला पाण्यात उकळला, पाणी कोमट होऊ दिलं, गाळलं आणि नातीला त्याच पाण्याने आंघोळ घातली. डॉक्टरांना फोनवर विचारलं तर ते म्हणाले, "पाणी कोमट असू दे आणि अंग घासू नका, टिपून घ्या. पाल्याला माझी हरकत नाही." दोन्ही पार्ट्या खूश!

उरलेली एक डहाळी तिने दाराला लावली. पूर्वी मला हा प्रकार निव्वळ अंधश्रद्धेचा वाटायचा. पण जरा विचार करा. व्हॉट्सॲप ग्रुप नव्हते, तेव्हा 'या घरात आजारी मूल आहे, आत येऊ नका' हे गल्लीला कसं कळवणार? दारावरची ती डहाळी म्हणजे नोटीस बोर्डच की. आणि आपली भाषाही बघा. सर्दी 'होते', पाय 'मुरगळतो'. कांजिण्या मात्र 'येतात', पाहुण्यांसारख्या. त्यांच्या थोरल्या बहिणीला तर आपण थेट 'देवी' म्हणत आलो. तो वेगळा आणि कितीतरी जीवघेणा विषाणू. त्याच्याच भीतीने लोकांनी शीतलादेवीला नवस बोलले. माहीमला तिचं देऊळ आहे आणि आता मुंबईच्या भुयारी मेट्रोचं स्टेशनही तिच्या नावाचं झालंय. देवीची साथ लसीने संपवली. भारत देवीमुक्त झाल्याचं १९७७ साली जाहीर झालं आणि सगळं जग १९८० साली. माझ्या आईच्या दंडावर त्या लसीचा गोल व्रण अजून आहे. तिने तो नातीला दाखवला. "हे बघ, आजीला पण टोचलं होतं." लेकीने त्यावरही कॅलामाइन लावलं.

रात्री नऊला आई परत गेली. आणि मग ती शनिवारची रात्र.

दिवसा मूल खेळात असतं, खाज विसरतं. रात्री विसरायला काहीच नसतं. अकराला उठली. साडेबाराला उठली. दीडला रडत उठली. हातांत सुती मोजे घातले होते, ते तिने दातांनी ओढून काढले. खाज कमी करायचं औषध डॉक्टरांनी दिलं होतं, ते देऊन झालेलं. ओला रुमाल ठेवून झाला. गोष्ट झाली, दुसरी झाली. पॅरासिटामॉलची पुढची वेळ व्हायला अजून दोन तास. फोनमध्ये शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं, मागवण्यासारखं तर नव्हतंच. तेव्हा ती म्हणाली, "आईला माझा राग आलाय का?"

"नाही गं पिल्लू."

"मग ती घरी का येत नाही?"

"तिच्या पोटात बाळ आहे ना, त्याला कांजिण्या यायला नकोत म्हणून."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारलं, "बाळाच्या बोटाला नखं आहेत?"

मी म्हटलं, छोटी छोटी असतील. "मग कापायला पाहिजेत," ती म्हणाली आणि माझ्या हातावर डोकं ठेवून पडली. खाजवायचं नाही, जिथे खाजेल तिथे बाबा थोपटणार, असं आमचं ठरलं. ती बोट दाखवायची, मी थोपटायचो. पाठ, मान, पोट, परत पाठ. किती वेळ, कोण जाणे. ऑफिसात प्रत्येक गोष्टीला डेडलाइन असते, इथे नव्हती. तिथे मी काही सोडवत नव्हतो. नुसता होतो. आणि तेवढंच काम होतं.

नंतर एक गोष्ट वाचनात आली आणि ती रात्र आठवली. मिचिआकी ताकाहाशी नावाचे जपानी डॉक्टर १९६४ साली अमेरिकेत ह्यूस्टनला विषाणूंवर संशोधन करत होते. तिथे त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्या आल्या, त्याही जोरदार. ताप, अंगभर फोड, श्वास घ्यायला त्रास. विषाणूंचा एवढा अभ्यास असलेला माणूस, पण पोराच्या उशाशी बसण्यापलीकडे त्याच्याही हातात काही नव्हतं. मुलगा बरा झाला. बाप जपानला परतला, कांजिण्यांच्या मागे लागला आणि १९७४ साली त्याने लस तयार केली. ज्या मुलाच्या फोडांतून तो विषाणू घेतला, त्याचं आडनाव ओका. जगभरातल्या बहुतेक कांजिण्यांच्या लसींमध्ये आजही तोच ओका विषाणू असतो. माझ्या लेकीच्या अंगावर पाचशेऐवजी ४३ फोड आले, त्यामागे एका बापाच्या जागरणाचाही वाटा आहे, असं मला वाटतं.

आपल्याकडे ही लस सरकारी मोफत लसीकरणाच्या यादीत नाही, खासगीत घ्यावी लागते. पहिला डोस साधारण सव्वा वर्षाचं झाल्यावर, नंतर दुसरा. आपल्या मुलाला तो कधी, हे डॉक्टरांना जरूर विचारा. लग्न झालेल्या आणि मुलाचा विचार करणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्हाला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का, हे आईला आत्ताच विचारा. तिला नाही आठवलं तर रक्त तपासून घ्या. गरज असेल तर लस आधी घेता येते, दिवस गेल्यावर नाही. आणि मित्रांनो, तुम्हीही विचारा. मोठ्या वयात आलेल्या कांजिण्या लहानपणच्या कांजिण्यांपेक्षा जास्त तडाखा देतात.

रविवारी साडेदहाला बायकोचा फोन आला. ती काही बोलेचना. माझ्या पोटात गोळा आला. मग रडत हसत म्हणाली, "पॉझिटिव्ह आहे रे. अँटिबॉडीज आहेत." लहानपणी कधीतरी तिला कांजिण्या येऊन गेल्या होत्या. सासऱ्यांनी फोन हिसकावून घेतला, "मी सांगत होतो की नाही, दोघींना!" आयुष्यात पहिल्यांदा पॉझिटिव्ह रिपोर्टचे पेढे वाटावेसे वाटले.

दुपारी ती घरी आली. लेक धावत गेली आणि दोन हात अंतरावर थांबली. "आता चालतं?" विचारलं. चालतं म्हटल्यावर जी बिलगली ती संध्याकाळपर्यंत सुटली नाही.

पुढचे दिवस सोपे गेले. सोमवारी ताप उतरला. तोंडातही फोड होते म्हणून मऊ भात, दही आणि गार दूध. फोड लाल होऊन दुखायला लागले, त्यात पू झाला, ताप चार दिवसांहून जास्त राहिला, धाप लागली, मूल सारखं उलट्या करतंय किंवा गुंगीत आहे असं वाटलं, तर ताबडतोब या, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. त्यातलं काही झालं नाही. गुरुवारपर्यंत एकूण एक फोडावर खपली धरली आणि सोमवारी शाळा. हनुवटीखाली एक बारीक खड्डा राहिलाय. माझ्या कानशिलावरच्या खड्ड्याशी ती तो जुळवून बघते.

मीही सोमवारी ऑफिसला गेलो. 'काय, बरी का लेक?' वगैरे झालं. एकजण म्हणाला, "बायको लकी आहे यार तुझी." जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टीममधली एक सहकारी डबा घेऊन समोर बसली. तिला दोन मुलं. म्हणाली, "तुला विचारलं ना, घरी दुसरं कोणी नाही का म्हणून?" मी म्हटलं, हो. "मला कधीच नाही विचारलं कोणी. दोन्ही पोरांच्या वेळी माझी सुट्टी सगळ्यांनी धरूनच चालली होती. आणि अप्रेझलमध्येही धरली."

मला काय बोलावं कळेना. माझ्या एका आठवड्याचं कौतुक झालं होतं. तिच्या दोन आठवड्यांचा हिशेब झाला होता. आणि हे काही एकट्या आमच्या ऑफिसचं नाही. केंद्र सरकारी नोकरीत मुलांच्या संगोपनासाठी पूर्ण नोकरीत मिळून ७३० दिवसांची रजा आहे. ती महिलांना मिळते, आणि एकट्याने मूल वाढवणाऱ्या वडिलांना. बायको असलेला बाप त्या यादीत नाही. म्हणजे बायको आहे म्हटल्यावर पोराच्या उशाशी बसायचं काम तिचं, हे नियमानेच गृहीत धरलंय. त्या दिवशी बायको घरात असती, तिला काही धोका नसता, तर मला एवढी रजा मिळाली असती? मी मागितली तरी असती का? याचा विचार मी अजून करतोय.

डॉक्टरांनी जाता जाता एक गोष्ट सांगितली होती. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू जात नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी तो जन्मभर झोपून राहतो. कधी चाळीस-पन्नास वर्षांनी जागा झालाच, तर नागीण होऊन येतो. माझ्या अंगात पाचवीपासून तो आहे. बायकोच्याही आहे आणि आता लेकीच्याही.

जुलैमध्ये मुलगा झाला. त्याच्या लसींचा तक्ता फ्रिजवर लागलाय आणि त्यातल्या सुट्ट्या आम्ही दोघांनी आत्ताच वाटून घेतल्यात. एक तारीख तिची, एक माझी. तुमच्याकडेही कधी पाहुण्या आल्या, तर बॉसला लांबलचक मेल लिहीत बसू नका. एवढंच लिहा. मुलीला कांजिण्या आल्यात, मी घरी आहे.